वाकलेल्या सळया

हजेरीपटावर त्यांचं नाव नीट, आडनावासकट होतं, पण प्राणिसंग्रहालयात ते कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना कडीकाका म्हणायचे. सकाळी फाटकातून आत शिरले की समोर जो येईल त्याला ते ‘कसं काय, बरं आहे ना?’ असं विचारायचे नाहीत. ‘कडी बघितली का?’ असं विचारायचे. मग समोरचा पिंजऱ्यावरचा असो की तिकीट खिडकीवरचा. तिकीटवाल्याने सुरुवातीला दोन-तीनदा गंभीरपणे आपल्या खिडकीची कडी तपासली होती म्हणे.

कडीकाका वेल्डर. या नोकरीआधी ते खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. वेलबुट्टीच्या जाळ्यांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मालकाच्या मुलांनी कारखाना विकला आणि काका घरी बसले. तेवढ्यात प्राणिसंग्रहालयातून बोलावणं आलं: लोकांनी रेलून रेलून कठडे ढिले केलेत, पंधरा दिवसांचं काम आहे, येता का? काका गेले. त्या पंधरा दिवसांची पुढे एकोणतीस वर्षं झाली.

कठड्यांचं काम संपायच्या आत कुणीतरी त्यांना अस्वलाच्या खोलीची खिडकी दाखवली. तिची जाळी गंजली होती. काकांनी जीव ओतून नवी बसवली, मध्ये एक फूल, चार कोपऱ्यांत चार पानं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतात तर फूल जमिनीवर, पानं पाण्याच्या कुंडात, आणि अस्वल उरलेल्या सळईशी झटत बसलेलं. काकांचा चेहरा पडला. तेव्हाचे मुख्य राखणदार म्हणजे भरघोस मिशांचे एक आजोबा होते. ते शेजारी येऊन उभे राहिले.

“जाळी झकास आहे हो,” आजोबा म्हणाले. “पण ही तुम्ही चोरासाठी केलीत. चोराला घाई असते. उजाडायच्या आत त्याला पळायचं असतं. हिला कुठे जायचंय? हिच्याकडे अख्खा जन्म पडलाय.”

हे वाक्य काकांच्या डोक्यात घर करून बसलं. त्या दिवसापासून ते लोखंडाकडे आतल्या बाजूने बघायला शिकले. आपण इथे कायमचे कोंडलेलो आहोत, अंगात अमुक इतकी ताकद आहे आणि दुसरा काही उद्योग नाही, तर पहिला हात कुठे घालू? हा प्रश्न ते प्रत्येक दारासमोर उभं राहून स्वतःला विचारायचे. फूलपान त्यांनी कायमचं सोडलं.

तुटलेल्या, वाकलेल्या सळया ते भंगारात टाकत नसत. वर्कशॉपमध्ये एका लांब फळीवर त्या ओळीने ठेवायचे आणि वर खडूने लिहायचे: कोणी, किती दिवसांत, कशी. हौस म्हणून नव्हे. लोखंडानं कुठे हार मानली ते समोर दिसलं की पुढच्या वेळी चूक होत नाही, एवढाच हिशेब.

पण त्या फळीमुळे काका नकळत एका मोठ्या वादाचे पंच होऊन बसले. सगळ्यात दणकट प्राणी कोणता, हा तो वाद. प्राणिसंग्रहालयात येणारं प्रत्येक पोर हे विचारतंच, पण राखणदारांच्या जेवणाच्या सुट्टीत तो जितका पेटायचा तितका कुठेच पेटत नसेल. वर्कशॉपच्या मागे पत्र्याखाली डबे उघडले की सुरू.

“माझ्या वाघासमोर कोण टिकणार?” वाघवाले म्हणायचे.

“तुमचा वाघ परवा साळिंदराचा काटा टोचला म्हणून तीन दिवस रुसून बसला होता,” गेंडेवाले म्हणायचे. “माझ्या गेंड्याला काटा टोचला तर काटा डॉक्टरकडे जाईल.”

मग मगरवाले शांतपणे घास गिळून म्हणायचे, “सगळ्यांनी पाण्याच्या काठाला या. तिथे बोलू.”

आणि शेवटी सगळ्यांच्या माना काकांकडे वळायच्या. कारण बाकीच्यांकडे नुसतं प्रेम होतं, काकांकडे पुरावे होते.

काका सांगायचेही नीट, कुणाची बाजू न घेता. वाघ सळईवर पंजा एकदा मारतो, फार तर दोनदा. नाही हलली की पाठ फिरवतो आणि आपण कधी प्रयत्नच केला नव्हता अशा थाटात झोपतो. त्याच्या ताकदीत खोट नाही, पण त्याला अपमान सोसत नाही. गेंड्याच्या मनात तर दरवाजा तोडायचं नसतंच. त्याच्या पाठीला खाज सुटलेली असते. तो खांबाला अंग घासतो, त्याचं समाधान होतं आणि खांब कायमचा तिरका होतो. पाणघोडा हनुवटी टेकायला जागा शोधतो. त्यानं टेकलेली हनुवटी फाटकाला पेलली नाही, यात त्याचा काय दोष? गवा मात्र ठरवून येतो. मान खाली घालून चार पावलं मागे सरकतो तेव्हाच समजावं की आज काकांना ओव्हरटाइम आहे. मगर अकरा दिवस लाकडाच्या ओंडक्यासारखी पडून राहते आणि बाराव्या दिवशी बादलीची कडी, बादली आणि बादलीतलं असं सगळं एकदम नाहीसं होतं.

आणि हनी बॅजर! मांजरापेक्षा जेमतेम मोठा, आखूड पायांचा, पाठीवर पांढरी शाल पांघरल्यासारखा तो प्राणी. त्यानं काकांच्या नाकी नऊ आणले होते. ताकदीनं नाही, अकलेनं. साधी कडी तो पहिल्याच दिवशी उघडायला शिकला. फिरवायची कडी तिसऱ्या दिवशी. भिंतीशी दगड रचून, त्यावर चढून तो दोनदा पळाला. एकदा तर डॉक्टरांच्या खोलीत, त्यांच्याच खुर्चीत झोपलेला सापडला. त्याची कातडी इतकी सैल की मानगूट धरली तरी आतल्या आत वळून चावायचा. “या पठ्ठ्याला भीतीच दिलेली नाही,” डॉक्टर बोटाला पट्टी बांधता बांधता म्हणाले होते. “द्यायची राहून गेली.”

“म्हणजे पहिला नंबर हनी बॅजरचा?” कुणीतरी विचारायचं.

“नंबर मी देत नाही,” काका डबा बंद करायचे. “मी फक्त दुरुस्त करतो.”

मनातून मात्र ते अस्वलाला मानायचे. काकांची पहिली जाळी मोडणारी तीच ती मादी अस्वल. वय झालेली, काळी, अंगावर केसांचं जंगल. तिचा रुबाब असा की तिला सगळे बाईसाहेब म्हणायचे. बाईसाहेब सळईला हिसका देत नसत. रोज सकाळी खाणं झालं की खिडकीची तीच एक सळई, खालून तिसरी, दोन्ही पंजांत धरायच्या आणि ओढत बसायच्या. दहा मिनिटं. मग सोडून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सळई. सुट्टी नाही, चिडचिड नाही. काका बघून जायचे आणि म्हणायचे, “ओढा, ओढा. दोन पिढ्या जातील.”

आठ महिन्यांनी ती सळई जोडापासून सुटली.

काकांच्या नोकरीचं ते दहावं वर्ष होतं. बाईसाहेबांची देखभाल तेव्हा नव्याने आलेल्या एका बाईंकडे होती. ठेंगणी, सडपातळ, हळू बोलणारी, खिशात कायम दम्याचा पंप. सगळे तिला अस्वलताई म्हणायचे. तिला अस्वलांकडे नेमलं तेव्हा काका स्वतः साहेबांकडे गेले होते. “हिला सशांकडे द्या साहेब,” ते म्हणाले होते. “अस्वलानं नुसती फुंकर मारली तरी उडून जाईल.” हे बोलणं ताईंच्या कानावर गेलं. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये आल्या, काकांच्या टेबलावर एक गाजर ठेवलं, “सशांनी पाठवलंय,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. काका दिवसभर त्या गाजराकडे बघून ओशाळत राहिले.

तर, सळई सुटली. सकाळी आठ वाजता काका मशीन घेऊन अस्वलघरात पोचले. अस्वलघराला आत दोन खोल्या, दोन्हींच्या मध्ये वरखाली सरकणारं लोखंडी दार. बाहेरच्या बोळातलं चाक फिरवलं की दार वर जायचं आणि खाली आणलं की बोटाएवढी जाड एक पिन आपल्या वजनानं तळाच्या भोकात पडायची. ही पिन काकांचीच करामत. ताईंनी बाईसाहेबांना डावीकडच्या खोलीत घेतलं, दार खाली आणलं, पिन पडल्याचा आवाज आला. काका उजवीकडच्या खोलीत शिरले, खिडकीपाशी उकिडवे बसले, तोंडासमोर काळ्या काचेचं शिल्ड धरलं आणि कामाला लागले. ताई बोळाच्या टोकाला फळं चिरत होत्या.

पिनच्या भोकात गाजराचा एक तुकडा अडकला होता. पिन पडली, पण अर्धीच. हे कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे, एक बाईसाहेब सोडून.

वेल्डिंग करताना काळ्या काचेतून फक्त एक हिरवट ठिणगी दिसते, बाकी जग अंधारात. काकांना मागे दाराचा खडखडाट ऐकू आला, मग जवळ कुणाचा तरी श्वास. ताई आल्या असाव्यात, दमा उसळला असावा, असं त्यांना वाटलं.

“ताई, लांब उभ्या राहा,” ते न वळता म्हणाले. “डोळ्यांना त्रास होईल.”

उत्तर आलं नाही. श्वास मोठा झाला. ओल्या गोणपाटासारखा वास आला. काकांनी शिल्ड बाजूला केलं.

चार हातांच्या अंतरावर बाईसाहेब होत्या. मध्ये काही नव्हतं. दहा वर्षं काकांनी या प्राण्याला बघितलं होतं, पण प्रत्येक वेळी मध्ये उभ्या काळ्या रेघा असायच्या. त्या रेघांशिवाय अस्वल किती मोठं दिसतं हे त्यांना तेव्हा कळलं. ठिणग्यांनी बिथरलेल्या बाईसाहेब फुसफुसत दोन पायांवर उभ्या राहिल्या. बोळात जायचं दार त्यांच्या पलीकडे होतं. काकांची पाचावर धारण बसली. हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली पडला तेही त्यांना समजलं नाही. उठावं असं वाटत होतं, पण पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे तिथेच दुमडून राहिले. ओरडायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. डोळ्यांसमोर घरच्या दोन मुली, बायको असं काही आलं म्हणावं, तर तेही आलं नाही. भिंतीच्या गिलाव्यात एक चीर होती, ती तेवढी दिसत होती.

बोळातून ताईंनी बघितलं. त्यांनी पाण्याचा पाइप ओढला. तो दारापर्यंत पुरेना. मग त्यांनी खाण्याच्या पिंपाचं मोठं पत्र्याचं झाकण उचललं, माणसांसाठीचं दार उघडलं आणि आत आल्या.

“बाईसाहेब,” त्या रोजच्याच आवाजात म्हणाल्या, “हे काय चाललंय? फळं तिकडे आहेत. चला बघू.”

असं बोलत बोलत, भिंतीला घासत त्या काका आणि अस्वल यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. झाकण समोर धरलेलं. बाईसाहेबांनी पंजा हाणला. झाकणावर ढोल वाजल्यासारखा आवाज झाला, दुसरा फटका झाकणाच्या कडेवरून ताईंच्या डाव्या हातावर आला. ताईंचा आवाज बदलला नाही.

“रागावू नका, जातोय आम्ही. काका, उठा. काका, माझ्या मागून चाला.”

काका उठले नाहीत. मग ताईंनी न वळता, रक्तबंबाळ झालेला हात मागे करून त्यांची कॉलर धरली आणि त्या एवढ्याशा बाईनं काकांना खुर्ची ओढावी तसं भिंतीकडेने दारापर्यंत ओढत नेलं. दार लागलं. कडी पडली. सगळा प्रकार मिनिटभराचाही नसेल. मग ताई बोळात बसल्या, उजव्या हातानं खिशातला पंप काढला, एक झुरका घेतला आणि म्हणाल्या, “आधी पलीकडच्या खोलीची कडी बघा. नाहीतर तिकडून बाहेर येतील.”

सतरा टाके पडले. दोन बोटं पुढे कधी पुरती मिटली नाहीत.

चौकशी झाली. काकांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की पिन माझी, चूक माझी. ताईंनी दवाखान्यातून लिहून दिलं की पिन तपासायचं काम माझं, चूक माझी. साहेब वैतागून म्हणाले, “दोघांनी मिळून आधी ठरवा, मग मला सांगा.” कुणी म्हणालं, अस्वल माणसावर उठलं, त्याला कुठेतरी पाठवा. त्यावर ताईंनी खाटेवरून निरोप धाडला: “तिला काही करू नका. दार उघडायचा प्रयत्न करणं तिचं काम. ते बंद ठेवणं आपलं.”

चौकशीसाठी लिहून दिलेल्या कागदात ताईंनी आणखी एक ओळ लिहिली होती. ‘मी हाक मारली तेव्हा काका स्वतःच दाराकडे येत होते.’ साहेबांनी ती मोठ्यानं वाचली. काका समोर बसले होते. ते खोटं आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. काकांनी मान खाली घातली आणि ते गप्प राहिले.

संध्याकाळी ते बायकोला घेऊन दवाखान्यात गेले. खाटेचा एक कठडा लटलटत होता. काकांनी खिशातून पाना काढून तो आवळला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेचा आवळला. घरी येताना बायको म्हणाली, “अहो, तिला भेटायला जाता की खाटा दुरुस्त करायला?”

तिसऱ्या दिवशी ते एकटेच गेले. खाटेजवळ बसले. मग म्हणाले, “ताई, काल मी घरी जेवलो. आजही जेवून आलो. धाकटीनं मला गणित विचारलं, मला आलं नाही. हे सगळं तुमच्यामुळे.”

ताई हसल्या. “मग उद्याही जेवा. गणिताचं मात्र माझ्यावर नका ढकलू.”

“तुम्ही घाबरला नाहीत?”

“मी? घाबरले होते की काका. पण आवाज रोजचाच लागायला हवा होता. रागावलेलं अस्वल परवडतं. घाबरलेलं नाही.” मग त्या म्हणाल्या, “ती तरी बिचारी ठिणग्यांना घाबरलेली. तुम्हीही घाबरलेले. मग कुणीतरी एकानं न घाबरल्यासारखं करायला नको?”

त्या कागदातल्या ओळीबद्दल काकांना विचारायचं होतं. धीर झाला नाही. ताईंनीही विषय काढला नाही. तेव्हाही नाही, नंतरही कधी नाही.

ताई दोन महिन्यांनी कामावर आल्या तेव्हा अस्वलघर बदललेलं होतं. काकांनी नवी पिन केली होती, एक नाही, दोन. पिन पुरती बसली नाही तर तिचा लाल रंगवलेला भाग बाहेर डोकावायचा, म्हणजे लांबूनही कळावं. चाकाच्या जागी एक लांब दांडा बसवला होता. बोटं न मिटणाऱ्या माणसालाही तो कोपरानं खाली दाबता यायचा. ताईंनी तो दाबून बघितला. मग पुन्हा एकदा दाबून बघितला.

वर्षभरात काकांनी सगळ्या प्राणिसंग्रहालयाच्या पिना बदलल्या. चौसष्ट दारं. आणि रोज सकाळी आठ वाजता, दुसऱ्या कुठल्याही कामाआधी, ते अस्वलघरात जाऊन ताईंसोबत दोन्ही पिना बघायचे. ताप असला तरी. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्या कपड्यांत येऊन बघून गेले. ताई म्हणायच्या, “काका, तुम्ही माझ्यावर पहारा ठेवता की अस्वलावर?” काका म्हणायचे, “पिनवर.” त्यांना आभार मानायची तेवढी एकच रीत येत होती.

बाईसाहेब म्हातारपणानं गेल्या, उन्हात झोपल्या झोपल्या. त्या दिवशी ताई आणि काका बराच वेळ रिकाम्या खिडकीसमोर उभे होते. सळया सगळ्या शाबूत होत्या. “शेवटपर्यंत ओढत होती हो,” ताई म्हणाल्या. “जोर नव्हता, पण हात लावून जायची.” काकांना भरून आलं. या जनावरानं आपल्याला काम शिकवलं, असं त्यांच्या मनात आलं. जीव घेऊ शकत असताना घेतला नाही, हेही काही कमी नव्हतं.

मग काकांच्या निवृत्तीला तीन महिने राहिले असताना साहेबांच्या जागी नव्या मॅडम आल्या. उत्साही बाई. एकदा वर्कशॉपमध्ये डोकावल्या, फळीवरच्या सळया बघितल्या, खडूची अक्षरं वाचली आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

“काका, हे सोनं आहे सोनं,” त्या म्हणाल्या. “लोक इंटरनेटवर भांडत बसतात, वाघ भारी की अस्वल भारी. आणि इथे खरी परीक्षा पडलीय, फळीवर! आपण एक खोली करू. मुलांनी सळया हातात घेऊन बघाव्यात. तुम्ही फक्त क्रम लावून द्या. पहिला, दुसरा, तिसरा.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून काकांना रस्त्यानं चालणं मुश्कील झालं. गेंडेवाले रोज त्यांची सायकल पुसून ठेवू लागले. वाघवाले, जे एरवी कुणाला बिडी देत नसत, ते गोडीगुलाबीनं म्हणाले, “काका, राजा तो राजा. लोक त्याचंच तिकीट काढतात, एवढं ध्यानात ठेवा.” हनी बॅजरवाल्या बाईंनी बोटावरच्या जुन्या खुणा दाखवून सहानुभूती मागितली. मगरवाले काहीच बोलले नाहीत. नुसते दोन-तीनदा येऊन वर्कशॉपच्या दारात उभे राहून गेले. तेच काकांना जास्त जड गेलं.

अस्वलताई तेवढ्या आल्या नाहीत. काकाच गेले. “ताई, अस्वलाला पहिला देऊ?”

“द्यायचाच असेल तर खरं काय ते लिहून द्या,” ताई म्हणाल्या. “आठ महिने, एक सळई. नंबर लोक आपापले लावतील.”

तसंच झालं. काकांनी क्रम लावलाच नाही. प्रत्येक सळईखाली एक पाटी, आणि पाटीवर जे घडलं ते. ‘गेंडा. पाठ खाजवली. चार मिनिटं.’ ‘गवा. रागावला होता. दोन धडका.’ ‘वाघ. एकदा मारून बघितलं. नंतर झोपला.’ ‘हनी बॅजर. वाकवलं काही नाही. उघडून गेला.’ ‘अस्वल. रोज दहा मिनिटं. आठ महिने.’ मॅडम आधी खट्टू झाल्या, मग पाट्या वाचून हसत सुटल्या आणि म्हणाल्या, राहू दे असंच.

उद्घाटनाला एका शाळेची मुलं आली होती. राखणदार सगळे मागे भिंतीला टेकून. काकांची बायकोही आली होती. त्या प्रसंगानंतर तिनं इथे पाऊल टाकलं नव्हतं. लेकींनी या वेळी तिला जवळजवळ उचलूनच आणलं. मुलांनी सळया हाताळल्या, वाकवायला बघितल्या, एकमेकांच्या डोक्यात मारायला बघितल्या. मग जाड भिंगांच्या चष्म्याची एक मुलगी काकांसमोर येऊन उभी राहिली.

“पण सगळ्यात डेंजर कोण ते लिहिलंच नाही.”

“ज्याच्याशी आपली गाठ पडेल तो,” काका म्हणाले.

“तुमची कुणाशी पडली?”

काकांची नजर मागे गेली. ताई नेहमीसारख्या कोपऱ्यात उभ्या होत्या, डावा हात उजव्या हातात धरून. आणि एकोणीस वर्षं जे जमलं नव्हतं ते काकांनी भर सभेत केलं. त्यांनी ती सकाळ पहिल्यापासून सांगितली. पिन, शिल्ड, श्वास. आणि पुढचंही.

“सगळ्यांना वाटतं मी दाराकडे येत होतो,” ते म्हणाले. “साहेबांच्या कागदातही तसंच लिहिलंय. पण मी येत नव्हतो. मी बसलेलाच होतो. माझे पाय चालेनात. या ताईंनी मला ओढून बाहेर काढलं, एका हातानं, आणि दुसऱ्या हातात झाकण. आणि मग माझी लाज राहावी म्हणून त्यांनी कागदावर खोटं लिहिलं, आणि इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. ते आज सांगतो. ताई, तुम्ही माझा जीव वाचवलात त्याचे आभार मी मानले होते. या दुसऱ्याचे राहिले होते.”

चष्मेवाली मुलगी विचार करून म्हणाली, “म्हणजे तुम्ही घाबरट आहात?”

“त्या दिवशी होतो,” काका म्हणाले. “पुरता.”

“मी पण झुरळाला घाबरते,” तिनं त्यांना धीर दिला.

सगळे हसले, गेंडेवाले सगळ्यात मोठ्यानं, आणि मग त्यांनीच डोळे पुसले. ताई हसतही नव्हत्या, रडतही नव्हत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, “काय हो काका, एवढं सांभाळून ठेवलेलं सगळं सांडून टाकलंत,” पण आवाज नेहमीचा नव्हता. तो पहिल्यांदाच बदलला होता.

मुलं पांगल्यावर बायकोनं काकांना गाठलं. “मला तुम्ही सांगितलं होतं, मी दाराकडे धावलो.”

“धावणारच होतो गं.”

“बसून?”

तिनं त्यांच्याकडे बघितलं. रागावलेली वाटत नव्हती. “चाळीस वर्षं संसार केला,” ती म्हणाली, “एवढं तर मला सांगायचं होतंत. मी काय तुम्हाला सोडून जाणार होते? माणूस घरी आला, मला तेवढंच हवं होतं.” मग ती ताईंकडे वळली, त्यांचा तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि न मिटणाऱ्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिली. “दुखतात का गं अजून?”

“थंडीत थोडी.”

“मी तेल करून देते. रोज लावायचं. आणि आता मला तुमचं हल्लीचं अस्वल दाखव बघू. लांबूनच.”

दोघी अस्वलघराकडे निघाल्या. काका मागून जाणार इतक्यात हाक आली: गव्यानं मधल्या फाटकाला धडक दिली आहे, बिजागरी निखळली, लवकर या. काकांनी हत्यारांची पेटी उचलली. वळणावर त्यांनी मागे बघितलं. बाईसाहेबांच्या जागी आलेलं नवं अस्वल खिडकीपाशी उभं होतं, ताई काहीतरी दाखवत होत्या आणि बायको, लांबूनच बघते म्हणालेली, कठड्यावर वाकून मोठमोठ्यानं हसत होती. आपल्याबद्दलच बोलत असणार, काकांना वाटलं. बोलू देत. त्यांना फार हलकं वाटत होतं. ते झपाझप गव्याच्या फाटकाकडे चालू लागले.